राष्ट्रीय ओळखक्रमांक आणि आपली पेढी

व्यापार हा जितका मालाचा, तितकाच विश्वासाचा व्यवहार होय. समोरचा मनुष्य कोण, हे जाणल्यावाचून उधारी देता येत नाही, नोकर ठेवता येत नाही, की जोखमीचा ऐवज कोणाच्या हाती सोपविता येत नाही. आपल्याकडील जुन्या पेढ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने शोधले होते. ‘शहाजोग हुंडी’ हे त्याचे उत्तम उदाहरण. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शहा’सच जिचे पैसे द्यावयाचे, ती शहाजोग हुंडी. ती घेऊन येणारा खरोखर तसा आहे किंवा नाही, याची चौकशी पैसे देणाऱ्या पेढीने करावयाची. आणि चौकशीत कसूर झाली तर जबाबदारीही पेढीचीच. ओळख पाहणे हा पेढीचा हक्क नव्हे, तर तिच्यावरील भार आहे, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाऱ्यास पुरती उमगली होती.

आज ओळखीचे साधन बदलले आहे. परंतु तो भार तसाच आहे. किंबहुना तो वाढला आहे. राष्ट्रीय पातळीवरील अंकीय ओळखपद्धती, म्हणजे आपल्या देशापुरते बोलावयाचे तर ‘आधार’, हिच्यासाठी दुकानदाराने, कारखानदाराने व लहान उद्योजकाने कोणती तयारी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. आमच्या बेळगावातील कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी रविवार पेठेत किंवा खडेबाजारात दुकान आहे, कोणाचे वडील उद्यमबागेतील कारखान्यात कामास आहेत. तेव्हा हा विषय केवळ पुस्तकी नव्हे.

आधार म्हणजे काय?

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ साली झाली. श्री. नंदन निलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी वस्तीच्या गावी देण्यात आले. तेव्हापासून आजवर १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. नोंदणीच्या वेळी प्रौढ माणसाच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा व चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. म्हणून वयाच्या ५ व्या व पुन्हा १५ व्या वर्षी ही माहिती अद्ययावत करावी लागते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आधार क्रमांक बारा अंकी असतो. त्यातील शेवटचा अंक हा पडताळ्याचा अंक होय. आधीच्या अकरा अंकांवरून तो गणिताने काढलेला असतो. ही रीत याकोबस व्हेरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर पडताळा जमत नाही व चूक तत्काळ लक्षात येते. तथापि पडताळा जमला म्हणजे तो क्रमांक खरोखर दिला गेला आहे, किंवा तो सांगणारा मनुष्य त्याचा धनी आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही. हिशेबाची बेरीज जुळली म्हणून गल्ल्यात पैसे असतातच असे नाही, तसेच हे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. २०१६ च्या आधार कायद्याच्या ९ व्या कलमात हे स्पष्ट सांगितले आहे.

ओळख पटविण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग केवळ कार्ड पाहण्याचा, किंवा त्याची झेरॉक्स घेण्याचा. हा सर्वांत रूढ आणि सर्वांत कच्चा मार्ग होय. छापील कागदावरील नाव किंवा छायाचित्र बदलणे आज कठीण राहिलेले नाही, आणि झेरॉक्सवरून तर खऱ्याखोट्याचा निवाडा होतच नाही.

दुसरा मार्ग कार्डावरील क्यूआर कोड वाचण्याचा. या चौकोनी ठिपक्यांच्या चिन्हात धारकाचे नाव, जन्मतारीख इत्यादी माहिती असते, आणि तिच्यावर प्राधिकरणाची अंकीय सही असते. ही सही दोन किल्ल्यांच्या तत्त्वावर चालते. सही करण्याची किल्ली एकट्या प्राधिकरणापाशी असते. सही तपासण्याची किल्ली मात्र सर्वांस खुली असते. माहितीतील एक अक्षर जरी कोणी बदलले, तरी सही जुळत नाही. प्राधिकरणाच्या मोबाईल ॲपने हा कोड वाचता येतो, व त्यासाठी मध्यवर्ती भांडाराशी संपर्क साधावा लागत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे बोटाचा ठसा, बुबुळ, चेहरा किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी देऊन मध्यवर्ती भांडाराशी पडताळणी करणे. तेथून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते. काही प्रकारांत धारकाच्या संमतीने थोडी अधिक माहितीही मिळते. हा मार्ग मात्र वाटेल त्या दुकानदारास खुला नाही. त्यासाठी कायद्याने अधिकार मिळालेला असावा लागतो.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निर्णय दिला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आधार योजना वैध ठरविली. परंतु खासगी कंपन्यांना केवळ कराराच्या बळावर आधारची पडताळणी करू देणारा ५७ व्या कलमातील भाग रद्द केला. बँकेतील खाते किंवा मोबाईलचे सिम यांसाठीची आधारसक्तीही त्याच निकालाने उठली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरध्वनी कंपन्यांना ग्राहकाच्या खुशीने आधार वापरण्याची मुभा दिली. शिवाय, क्यूआर कोडसारख्या मार्गाने ओळख तपासणाऱ्याने धारकाची संमती घ्यावी, दुसरे पर्याय सांगावेत, आणि आधार क्रमांक स्वतःपाशी साठवू नये, असा दंडक घातला.

यानंतर २०२३ साली अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि व्यवसायांवरील मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. लोकांची माहिती सांभाळण्यात हयगय केल्यास या कायद्यान्वये २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुदत दिली जाते ती तयारीसाठी. अखेरच्या दिवशी धावपळ करण्यासाठी नव्हे.

तयारी कोणती करावी?

(१) गरज ठरवावी. आपल्या व्यवसायात ओळखपत्र कोठेकोठे मागितले जाते, याची यादी मालकाने प्रथम करावी, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘कशासाठी?’ हा प्रश्न लिहावा. साडी विकण्यास किंवा किराणा देण्यास ओळखपत्र लागत नाही. लॉजमध्ये उतरणाऱ्याची ओळख पाहणे आवश्यक असते. पण ती मतदार ओळखपत्र, वाहन चालविण्याचा परवाना किंवा पारपत्र यांवरूनही पटू शकते. उलट, कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीसाठी आधार लागतोच. जेथे प्रश्नास उत्तर सापडणार नाही, तेथील मागणी बंद करावी.

(२) झेरॉक्सची सवय मोडावी. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बेंगळुरू येथील कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कोणासही देऊ नये, अशी सूचना काढली होती. लोकांचा गोंधळ होऊ लागताच सरकारने ती दोनच दिवसांत मागे घेतली व नेहमीची सावधगिरी बाळगण्यास सांगितले. पण त्या सूचनेत सुचविलेला पर्याय आजही उपलब्ध आहे. ज्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात, असे झाकलेल्या अंकांचे आधारपत्र कोणासही उतरवून घेता येते. तसेच २०१८ पासून सोळा अंकी तात्पुरता क्रमांकही मिळतो. तो धारकास हवा तेव्हा बदलता येतो. ग्राहकास ही साधने ठाऊक नसतील, तर दुकानदाराने ती सांगावीत.

(३) जुने साठे निकालात काढावेत. अनेक दुकानांत व कचेऱ्यांत वर्षानुवर्षांच्या झेरॉक्स प्रती पडून असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात. त्याच कागदाची पुढे पुडी बांधली जाते! एखाद्याचे नाव, जन्मतारीख, पत्ता व क्रमांक असे चारही धागे एका कागदावर परक्याच्या हाती पडले, तर त्याच्या नावावर नसते व्यवहार होऊ शकतात. अशा प्रती फाडून बारीक तुकडे करूनच टाकाव्यात. नोकराच्या मोबाईलमधील छायाचित्रांसही हाच न्याय लावावा. जी माहिती कायद्याने ठेवणे भागच आहे, ती कुलपात ठेवावी व तिची जबाबदारी एका माणसाकडे द्यावी.

(४) नावांतील फरकाचा विचार करावा. आपल्या सीमाभागात हा प्रश्न पदोपदी येतो. शाळेचा दाखला मराठीत. आधारपत्र बहुधा कन्नड व इंग्रजीत. बँकेचे पुस्तक इंग्रजीत. ‘सुनीता’ हे नाव रोमन लिपीत कोणी एका रीतीने लिहितो, कोणी दुसऱ्या. मराठी रीतीप्रमाणे वडिलांचे नाव मध्ये व आडनाव शेवटी येते. कोठे आडनावाचे केवळ आद्याक्षर राहते. यंत्रास हे सर्व निरनिराळे इसम वाटतात. व्यवसायाने अशा वेळी छायाचित्र, जन्मतारीख व पत्ता ताडून पाहावा, आणि कामगारास ‘तुझे कागद जुळत नाहीत’ एवढेच सांगून परत न पाठविता, नेमके कोणते अक्षर कोठे दुरुस्त करावयाचे, हे लिहून द्यावे.

(५) यंत्र अडले तर काय, हे आधीच ठरवावे. ही बाब आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. भट्टीपाशी, वाळूच्या साच्यांत किंवा गवंडीकामात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजतात, वृद्धांच्याही झिजतात. ठसा उमटला नाही म्हणून तो मनुष्य खोटा ठरत नाही. राबल्यामुळेच ज्याचे ठसे पुसले गेले, त्याचीच मजुरी ठशासाठी अडावी, याहून मोठा अन्याय कोणता? बुबुळ, चेहरा, ओटीपी किंवा दुसरे ओळखपत्र यांपैकी पर्याय नेहमी हाताशी असावा, आणि कोणताच चालला नाही तर निर्णय कोणी घ्यावयाचा, तेही नक्की असावे.

(६) माणसे शिकवावीत. दाराशी ग्राहकास भेटतो तो मालक नव्हे, तर कारकून किंवा गुमास्ता. काय मागावे, काय मागू नये, कोड कसा वाचावा, नकार देणाऱ्याशी कसे बोलावे, हे त्यास समजले नाही, तर मालकाचे सारे नियम कागदावरच राहतील.

मालकाची स्वतःची कागदपत्रेही नीट असली पाहिजेत, हे वेगळे सांगावयास नको. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली. तिच्यात एकट्याच्या मालकीच्या धंद्यास मालकाचा आधार क्रमांक द्यावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या नव्या नोंदणीतही आधारची पडताळणी होते. आपल्या क्रमांकाविषयी जी काळजी आपण घेऊ, तीच दुसऱ्याच्या क्रमांकाविषयी घ्यावी, एवढे जरी मालकाने मनाशी बाळगले तरी पुष्कळ झाले.

सारांश

ही तयारी मुख्यतः खर्चाची नव्हे, तर शिस्तीची आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. थोडे मागावे, नीट तपासावे, कमी साठवावे, आणि यंत्राच्या नकारापुढे माणसास उभे ठेवू नये, एवढाच तिचा मथितार्थ. मोठ्या कंपन्या यासाठी तज्ज्ञ नेमतील. लहान दुकानदारास मात्र घरच्यांचीच मदत घ्यावी लागेल. म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींस आमची एक सूचना आहे. येत्या सुट्टीत आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या दुकानातील कपाट मालकाच्या परवानगीने उघडावे, तेथे किती लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती पडल्या आहेत ते मोजावे, आणि त्यांपैकी किती खरोखर हव्या आहेत, हे वडीलधाऱ्यांसह बसून ठरवावे. उरलेल्यांचे बारीक तुकडे करण्यास एक दुपार पुरेल.