खर्जाची साधना

आषाढीची वारी करून पनवेलला परतलो, तेव्हा आमच्या दिंडीतल्या एका तरुण टाळकऱ्याने विचारले, "महाराज, वरचा स्वर लागतो, पण खाली उतरलो की आवाजच नाहीसा होतो. काय करावे?" प्रश्न एकाचा असला तरी अडचण पुष्कळांची, म्हणून चार शब्द लिहितो.

'खर्ज' हे 'षड्ज' शब्दाचेच बोलीतले रूप. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा सांगितले आहे, व प्रत्येक स्थान आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे मध्य षड्जाची जितकी कंपने, त्याच्या निम्मी मंद्र षड्जाची.

हे कसे घडते? पखवाज पाहा. डाव्या पुडीला कणीक लावली की चामडे जड होते, संथ हलते आणि खोल घुमते. गळ्यातल्या स्वरतंतूंचेही तसेच. खालच्या स्वराला ते आखूड, जाड व सैल व्हावे लागतात. आता ती पुडी कोणी दाबून धरली तर घुमेल काय? हनुवटी छातीला टेकवून, घसा आवळून खर्ज काढणारा नेमके हेच करतो.

रीत अशी. झोपेतून उठल्यावर आवाज मुळातच जरा खाली असतो. म्हणून पहाटेची वेळ धरावी. वीणा जुळवून ताठ बसावे. मध्य षड्जावर आकार लावून नि, ध, प असे एकेक स्वर उतरावे. श्वास पोटापर्यंत घ्यावा, पण सोडताना रेटू नये. रेटा दिला की स्वर वर सरकतो. छातीवर तळहात ठेवावा, तेथे कंप जाणवला पाहिजे. आवाज घोगरा झाला की एक स्वर वर यावे. रोज दहा मिनिटे पुरेत.

तरुणपणी आम्ही हे मानले नाही. महिनाभर घसा रेटला आणि ऐन एकादशीच्या कीर्तनात आवाज बसला. टाळकऱ्यांनी अभंग सावरला म्हणून लाज राहिली! तुमचा आवाज बसून तीन आठवडे उलटले, तर नुसत्या काढ्यावर विसंबू नका. घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

असो. खर्ज मिरवण्यासाठी नव्हे. पट्टी फार वर धरली की दिंडीतली म्हातारी माणसे मुकी होतात. ज्याला खाली उतरता येते, तोच सर्वांना पेलेल अशी पट्टी धरतो. नाम सर्वांच्या मुखी यावे, एवढ्याचसाठी ही साधना.

राम कृष्ण हरि.