अंगुलिमालावरील दगड

अंगुलिमालाची कथा सांगताना आपण बहुधा त्याच्या दीक्षेपाशीच थांबतो. मज्झिम निकायातील सुत्त मात्र पुढे जाते. राजा पसेनदीने मान दिलेला हा भिक्खू श्रावस्तीत भिक्षेस गेला असता त्याच्यावर दगड पडले. डोके रक्तबंबाळ, पात्र फुटलेले, संघाटी फाटलेली, अशा स्थितीत तो तथागतांकडे परतला.

१९७५ साली जयपूरच्या कारागृहात विपश्यना शिबिर झाले. १९९४ साली तिहारमध्ये हजाराहून अधिक बंदी एकत्र बसले. मन पालटते, याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती फाटकाबाहेरच्या आपल्याविषयी. शिक्षा भोगून आलेल्यास आपण खोली देत नाही, कामावर घेत नाही. मग जुन्या सोबत्यांचेच दार तेवढे उघडे राहते आणि तो पुन्हा गुन्ह्याकडे वळतो. अंगुलिमालास त्या दिवशी परतण्यासाठी जेतवन होते.