ओला कापूस आणि परदेशचा ग्राहक

इ. स. १८६१ सालीं अमेरिकेंतील उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध जुंपलें. गुलामांच्या श्रमावर कापूस पिकविणाऱ्या दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें अडविलीं, तेव्हां इंग्लंडच्या लँकेशायर प्रांतांतील गिरण्या बंद पडूं लागल्या आणि तेथील व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसास पूर्वीं कधीं न ऐकलेला भाव आला. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. त्या व्यवहारांत धर्माचा जो प्रश्न उभा राहिला तो मात्र सहसा कोणी सांगत नाहीं.

भेसळ पूर्वींही होती. भाव चढतांच ती वाढली. सरकी, पाला व माती मिसळणें, चांगल्या मालांत हलका माल घालणें, आणि वजन वाढावें म्हणून गांठ बांधण्यापूर्वीं पाणी मारणें, असे हे प्रकार होते. अखेर १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मुंबईहून जाणारा बहुतेक कापूस लँकेशायरांत ‘सुरत’ या एकाच नांवानें ओळखला जाई. त्याचें सूत वारंवार तुटे व त्यापायीं कामगारांची मजुरी बुडे. पुढें तर तिकडे ‘सुरत’ हा शब्दच निकृष्ट या अर्थीं रूढ झाला. देवापाशीं कापूस मागतांना ‘पण सुरती नको’ असें कामगार म्हणत, अशी आख्यायिका आहे. आंखूड धागा हा आपल्या वाणाचा स्वभाव होता, त्यांत पाप नव्हतें. पाप होतें तें पाण्यांत आणि मातींत.

आतां दुसऱ्या टोकाकडे पहा. उपासमारीच्या त्या दिवसांत, ३१ डिसेंबर १८६२ रोजीं, मँचेस्टर शहरीं कामगारांची सभा भरली व तिनें अध्यक्ष लिंकन यांस पत्र पाठवून गुलामगिरीविरुद्ध त्यांच्या पक्षास पाठिंबा दिला. जानेवारी १८६३ मध्यें लिंकन यांनीं उलट पत्रीं त्यांच्या धैर्याचा गौरव केला. लँकेशायरांतील सर्वच मंडळी या मताची होती असें नाहीं. दक्षिणेचा कैवार घेणारेही पुष्कळ होते. परंतु ज्यांनीं उपाशी पोटीं न्यायाची बाजू घेतली, त्यांच्याच हातीं आपल्याकडचा भिजविलेला माल पडला, हें मला फार बोंचतें.

याज्ञवल्क्यस्मृतींत औषध, तेल, मीठ, धान्य इत्यादि जिनसांत हीन वस्तु मिसळणाऱ्यास दंड सांगितला आहे. इस्लामी परंपरेंत अशी कथा आहे कीं, पैगंबरांनीं बाजारांत धान्याच्या राशींत हात घातला, तों आंत ओल लागली. विक्रेत्यानें पावसाचें कारण सांगितलें. तेव्हां ओला भाग लोकांस दिसेल असा वर कां ठेविला नाहीं, असें त्यांनीं विचारलें. जैनांचें तत्त्वार्थसूत्र याहून पुढें जातें. अचौर्यव्रताच्या पांच अतिचारांत भेसळ आणि खोटें माप यांबरोबरच चोरून आणलेला माल घेणें हाही दोष त्यांत गणिला आहे. म्हणजे घेणाराही सुटत नाहीं. मँचेस्टरच्या कामगारांपुढें हाच प्रश्न होता. अमेरिकेच्या २०२१ सालच्या कायद्यानें चीनमधील शिनजियांग प्रांताचा कापूस वेठीच्या श्रमाचा नाहीं हें सिद्ध केल्यावांचून तेथें उतरविण्यास मनाई झाली, तीही याच विचारानें.

माल एकदां अडत्याकडे गेला म्हणजे आपला संबंध संपला, असें कित्येक म्हणतात. अडत्यानें पाणी मारिलें तर दोष त्याचा, हें खरेंच. परंतु खताच्या प्लॅस्टिकच्या गोणींत वेचणी करणारे आपणच असतों. त्या गोणीचे तंतु कापसांत मिसळतात, जिनांत पुरते निघत नाहींत, सुतांत शिरतात आणि कापड रंगवितांना रंग घेत नाहींत. तोंवर तें कापड कोणत्या देशीं कोणाच्या हातीं असेल, कोण जाणे! याकरितां वेचणीस सुती कापडाची झोळी वापरावी. दंव सुकल्यावर वेचावें. पावसांत भिजलेला कापूस निराळा ठेवावा व भिजलेला म्हणूनच विकावा. शाळेच्या वयाचीं मुलें वेचणीस लावूं नयेत. असें केल्यानें पदरचें कांहीं जातें, हें मान्य आहे. सुती झोळीची किंमत, वाळविण्याचे दिवस आणि ओल्या मालाच्या भावांतील तूट मिळून क्विंटलमागें किती रुपये होतात, याचा हिशेब प्रत्येकानें यंदाच्या वेचणीपूर्वीं घरीं मांडून पहावा.