शेजाऱ्यांचा सामना

मुलांनो, गेल्या आठवड्यात केंद्राच्या खो-खो स्पर्धेत आपल्या मुली शेजारच्या गावाकडून हरल्या. तालुक्याला एकच संघ जायचा होता, तो त्यांचा गेला. परत येताना टेम्पोत कुणी बोलेना. शेवटी एकजण म्हणाली, "बाई, मैदानच त्यांचं होतं. आता सरावाला कशाला यायचं?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते आज लिहिते.

वर्गातला जगाचा नकाशा बघा. खाली उजव्या कोपऱ्यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दिसतील. मध्ये टास्मान समुद्र. हे दोघे शेजारी, आणि हॉकीतले पक्के प्रतिस्पर्धी. त्यांच्या भागातल्या देशांची ओशनिया चषक ही स्पर्धा १९९९ साली सुरू झाली.

२०१९ साली ती ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टन गावी भरली. महिलांचे संघ दोनच, सामने तीन. जिंकेल त्याला टोकियो ऑलिंपिकची जागा थेट मिळणार होती. ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी १९८८, १९९६ आणि २००० साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेले. शिवाय मैदान घरचे. तरीही चषक न्यूझीलंडने नेला!

मग ऑस्ट्रेलियाच्या मुली घरी बसल्या का? नाही. पुढच्याच महिन्यात पर्थ शहरात त्या रशियाशी पात्रता सामने खेळल्या, दोन्ही जिंकल्या आणि टोकियोला गेल्या. साथीमुळे ते ऑलिंपिक २०२१ साली झाले. तिथे दोघेही शेजारी शेवटच्या आठ संघांत पोहोचले, आणि दोघेही तिथेच हरले. ऑस्ट्रेलियाला कुणी हरवले, ठाऊक आहे? आपल्या भारताच्या मुलींनी! गुरजीत कौरने एकमेव गोल केला आणि गोलरक्षक सविताने एकही गोल होऊ दिला नाही.

२०२३ साली उलटे झाले. स्पर्धा न्यूझीलंडमध्ये, आणि जिंकले ऑस्ट्रेलिया. म्हणजे दोन्ही वेळा पाहुणेच जिंकले बरे का! न्यूझीलंडला मग जानेवारी २०२४ मध्ये आपल्या रांचीला पात्रता स्पर्धेसाठी यावे लागले. आठ संघ, जागा तीन. भारताने त्यांना ३-१ असे हरवले. पण शेवटी जागा त्यांनाही मिळाली नाही आणि आपल्यालाही नाही.

तेव्हा मुलींनो, दुसरी संधी मिळाली म्हणजे यश मिळतेच, असे मी खोटे सांगणार नाही. पण मैदान त्यांचे होते म्हणून आपण हरलो, हे काही खरे नाही. आपला खो द्यायला उशीर होत होता, ते मी पाहिले आहे. ते सुधारता येते.

सोमवारी सकाळी सात वाजता सराव आहे. खांब मी रोवून ठेवते.

सांगा पाहू :
१) ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये कोणता समुद्र आहे?
२) २०१९ चा चषक हरूनही ऑस्ट्रेलिया टोकियोला कसे गेले?
३) आपला संघ का हरला असे तुम्हाला वाटते? मैदान सोडून दुसरे कारण लिहा.