दुकान आपले, पण नोंद कोणाच्या नावावर?

दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या गावांत आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव वडिलोपार्जित जागेत धंदा करतात. जागेचा कागद मागितला की ते घरपट्टीची पावती पुढे करतात. ही पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. नगर भूमापन झालेल्या गावात आखीव पत्रिका आणि शेतीसाठी सातबारा, यांवर कोणाचे नाव आहे हे पाहावे लागते.

या नोंदींवर सरकारचा बराच कारभार चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरील नोंद चुकीची सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. बँकेचे कर्ज, अतिवृष्टीची मदत, भूसंपादनाचा मोबदला, सर्व ठिकाणी आधी तीच पाहतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा कामात संपादनाची नोटीस नोंदीतील नावाने निघते. ते नाव मृताचे असेल तर पैसा अडकून पडतो आणि भावाभावांत बोलाचाली सुरू होतात.

खरेदीखत झाले म्हणजे काम संपले, असा समज फार आहे. दस्ताची माहिती दुय्यम निबंधकांकडून महसूल खात्याकडे जाते. मग गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतली जाते. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मात्र वारसाहक्काचा दस्त नसतो. तेथे माहिती आपणच द्यायची असते, तीही हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत (कलम १४९). मुदत टळली तरी नोंद होते, पण मग जुने दाखले शोधत हिंडावे लागते. आमच्या घराच्या आखीव पत्रिकेवर आजोबांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षे तसेच राहिले होते. दोष आमचाच, कोणी अर्जच केला नव्हता. कर्जासाठी गेलो तेव्हा कळले. तोवर वारसांची संख्या तिघांवरून अकरावर गेली होती आणि एक आत्या हैदराबादला होती.

वारसांची यादी देताना बहिणींची नावे गाळण्याची खोड आपल्यातही आहे. दुकान-घराच्या जागेत शरीयतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा आणि संतती असल्यास विधवेला एक अष्टमांश वाटा आहे. नाव गाळल्याने तो हक्क बुडत नाही, उलट पुढे विक्रीच्या वेळी खरेदीदार नेमका तेथेच अडतो. बहिणीला वाटा सोडायचाच असेल तर तो तिने राजीखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. वाट्यावरून वाद असेल तर तो तलाठ्याकडे मिटत नाही, दिवाणी न्यायालयात जावे लागते.

नोंद तपासणे आता सोपे झाले आहे. महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीची प्रत १५ रुपयांत मिळते. ती सरकारी कामाला चालते. चालू फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर दिसतात. आपल्या गटावर कोणी नोंद घालत असेल तर तेथे कळते. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती मृत खातेदारांऐवजी वारसांची नावे लावण्यासाठीच.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते, आधारच्या प्रती आणि शपथपत्र द्यावे. शेतीसाठी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, यांच्याकडे, तर आखीव पत्रिकेसाठी भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात जावे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. सातबाऱ्याची नोंद नामंजूर झाल्यास आदेशाची प्रत घेऊन ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.