सिकलसेल आणि दृष्टी : फेरतपासणीचे महत्त्व

सिकलसेल म्हटले की रक्तक्षय आणि असह्य अंगदुखी यांचाच विचार प्रथम मनात येतो. हा आनुवंशिक रक्तविकार दृष्टीही हिरावून घेऊ शकतो, याची जाणीव मात्र पुरेशी नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आदी जिल्ह्यांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

विकाराचे स्वरूप

या विकारात तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी होताच विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात. त्यांमुळे दृष्टिपटलाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात. पुढे तेथे नव्या, नाजूक वाहिन्या पंख्यासारख्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होतो आणि अखेरीस दृष्टिपटल सुटू शकते. गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या क्रमाच्या पाच अवस्था वर्णिल्या.

फेरतपासणी का चुकते?

पहिल्या तीन अवस्थांत रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही. तक्त्यावरील अक्षरेही स्पष्ट दिसतात. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे औषध घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबतीस माणूस लागतो. अशा वेळी दोघांची मजुरी बुडते, प्रवासखर्च वेगळाच. रोवणी-कापणीच्या दिवसांत तारीख टळते आणि पुढे विसरली जाते.

परंतु उपचारांची खरी संधी याच काळात असते. नव्या वाहिन्यांवर वेळीच लेसर उपचार केल्यास रक्तस्रावाचा धोका कमी होतो, हे जमैकातील अभ्यासांतून दिसून आले आहे. काही वाहिन्या आपोआप सुकतात. मात्र कोणत्या सुकतील व कोणत्या वाढतील, हे फेरतपासणीवाचून कळत नाही. लेसरनंतरही नव्या वाहिन्या फुटू शकतात. दृष्टिपटल सुटल्यावर करावी लागणारी शस्त्रक्रिया अवघड असते व गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही.

काय करावे?

सिकलसेलग्रस्त मुलाची वयाच्या दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी बाहुली मोठी करून नेत्रतपासणी व्हावी. दोष आढळल्यास नेत्रतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे ती अधिक वेळा करावी. डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणे, पडदा आल्यासारखे वाटणे किंवा डोळ्यास मार लागणे, असे काही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. रक्ततपासणी व औषधवाटपाच्या भेटीतच नेत्रतपासणीची तारीख कार्डावर नोंदवावी. तारीख चुकलेल्या रुग्णाच्या घरी आशा कार्यकर्तीने जावे. शक्य तेथे औषध व नेत्रतपासणी एकाच दिवशी व्हावी. एवढी व्यवस्था झाली, तर टाळता येण्याजोगे अंधत्व निश्चितच टळू शकेल.