पोटातला रक्तस्राव आणि प्रतिध्वनी

अपघातात पोटाला मार बसलेला रुग्ण येतो. बाहेर जखम नाही. पण आत रक्तस्राव होत असेल तर? हे पाहण्यासाठी डॉक्टर सोनोग्राफीचे यंत्र रुग्णाच्या खाटेपाशीच आणतात.

आपल्याला २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. यंत्राचा प्रोब पोटावर टेकवला, की सुमारे ३५ लाख हर्ट्‌झचा ध्वनी शरीरात शिरतो. तेथे त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. १० सेंटिमीटर आतून प्रतिध्वनी परतण्यास किती वेळ लागेल? जाऊन-येऊन अंतर ०.२ मीटर, म्हणून ०.२ ÷ १५४० = सुमारे ०.०००१३ सेकंद! अशा वेळांवरून यंत्र चित्र तयार करते.

साचलेल्या पातळ रक्तातून प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाही. त्यामुळे यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी दिसली, की डॉक्टर सावध होतात. मात्र रक्त थोडे असेल, तर पट्टी दिसत नाही. म्हणून एका तपासणीवर विसंबता येत नाही. ती पुन्हा करावी लागते. प्रोब कोठे, कसा धरावा आणि पट्टी कशी ओळखावी, हे डॉक्टरांना जाणकारांच्या देखरेखीखाली अनेक रुग्ण तपासूनच शिकावे लागते.

काळी पट्टी ७ सेंटिमीटर आत असेल, तर तेथवर जाऊन ध्वनी किती वेळात परतेल? तुम्हीच गणित करून पाहा.